हृदयरोगाची मोजणी : कोणाची आणि कोणासाठी?

हृदयविकार हा सुखवस्तू माणसांचा रोग आहे, अशी एक समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. साजूक तुपाचे जेवण, खुर्चीतले काम, मोटारीतला प्रवास आणि मग एके दिवशी छातीत कळ, असे ते चित्र. आपल्या नाटक-सिनेमांतही झटका यायचा तो बंगल्यातल्या वडिलांना. झोपडीतल्या बापाला यायचा तो खोकला. रोगाच्या नावाने होणारी ही दिशाभूल नवी नाही. क्षयाला जुन्या वैद्यकात राजयक्ष्मा म्हणत. नाव राजाचे, पण मुंबईच्या चाळींत आणि गिरण्यांच्या खात्यांत त्याने कोणाची फुप्फुसे खाल्ली हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. हृदयविकाराच्या बाबतीतही हेच घडले आहे काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. हा लेख वैद्यकशास्त्राचा नाही. शहरातल्या प्रौढ माणसांच्या हृदयाला असलेला धोका मोजण्याचे शास्त्र कसे जन्मले, ते मुंबईत कसे आले आणि त्या मोजणीत आपला माणूस कोठे बसला किंवा बसला नाही, याचा हा इतिहास आहे.

हा इतिहास कांदिवलीतून पाहण्यास कारण आहे. रेल्वेच्या रुळांनी हे उपनगर दोन भागांत कापले आहे. पूर्वेच्या टेकड्यांत दगडाच्या खाणी होत्या. १९२० नंतरच्या दशकात बॅकबेचा समुद्र बुजवला गेला तेव्हा त्या भरावासाठी दगड येथूनच गेला. दक्षिण मुंबईच्या त्या किनाऱ्यावर पुढे जी श्रीमंती उभी राहिली तिच्या पायात कांदिवलीचा दगड आहे. १९६३ साली आकुर्ली रोडला ट्रॅक्टरचा कारखाना निघाला. त्याच रस्त्याला कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे. टेकडीच्या अंगाला दामू नगरसारख्या वस्त्या वसल्या आणि अलीकडे त्यांच्याच शेजारी ठाकूर व्हिलेजचे उंच मनोरे उभे राहिले. पश्चिमेला चारकोपमध्ये १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने लहान भूखंडांची वसाहत झाली. तिकडेच महापालिकेचे रुग्णालय आहे. त्याचे नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, पण लोकांच्या तोंडी ‘शताब्दी’. या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जी रांग लागते तिच्यात रक्तदाब आणि साखरेची गोळी घ्यायला आलेली माणसे पाहावीत. घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, सुरक्षारक्षक, सफाई कामगार. यांच्यापैकी कोणालाही सुखवस्तू म्हणता यायचे नाही.

आता थोडे मागे जाऊ. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० असा नोंदला गेला होता. वर्षानुवर्षे तो वाढत होता आणि वय वाढले की दाब वाढायचाच, असे त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांचे मत होते. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाचा हा आजार डोळ्यांसमोर असताना, १९४८ साली अमेरिकन सरकारने हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा केला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या लहान गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांच्या आयुष्यभराच्या तपासणीला सुरुवात झाली. कोणाला झटका येतो, कोणाला येत नाही आणि ज्याला आला त्याच्यात आधी काय वेगळे होते, हे वर्षामागून वर्षे पाहत राहायचे, अशी ही पद्धत. १९६१ साली या अभ्यासातून ‘जोखमीचे घटक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. वाढलेला रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान. आज शताब्दीतला तरुण डॉक्टर ज्या कोष्टकावरून बोलतो त्याचे मूळ फ्रेमिंगहॅममध्ये आहे.

हे शास्त्र मोठे आहे, त्याने लाखो जीव वाचवले आहेत. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फ्रेमिंगहॅमचे ते पाच हजार लोक जवळजवळ सगळे गोरे होते. काळ्या माणसांच्या हृदयाचा तसाच मोठा अभ्यास मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरी सुरू व्हायला २००० साल उजाडावे लागले. म्हणजे बावन्न वर्षे. तोवर काळ्यांचा अभ्यास होतच नव्हता असे नाही. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर सरकारी डॉक्टरांनी नजर ठेवली होती. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही, कारण उपचाराविना रोग कसा वाढतो हे पाहायचे होते. हे प्रकरण १९७२ साली उघडकीस आले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या दहा कलमी कार्यक्रमात सर्व पीडितांना मोफत वैद्यकीय सेवेची मागणी घातली. या पक्षाचे स्वतःचे मोफत दवाखाने होते. आमच्याकडे पँथरच्या कवितेची आणि संघर्षाची चर्चा पुष्कळ झाली, पण नाव ज्यांच्यावरून घेतले त्यांच्या दवाखान्यांची फारशी झाली नाही. हे मला नेहमी खटकत आले आहे.

१९४८ साल आपल्यालाही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये कामगार राज्य विमा कायदा संमत झाला. त्याची पूर्वतयारी बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखात्याचे सभासद असताना झाली होती. प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याच्या योजनेचे काम १९४३ साली सोपवले गेले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह आणि रक्तदाबाने अखेरच्या वर्षांत किती जर्जर केले होते, हे आपण जाणतोच. अमेरिकेने त्या वर्षी हृदय मोजायला घेतले, आपण कामगाराच्या औषधपाण्याची जबाबदारी कायद्यात आणली. दोन्ही कामे आवश्यक होती. मात्र या दुसऱ्या कायद्याचे छत्र कारखाना आणि आस्थापनेतल्या पगारी कामगारावर धरलेले होते. आकुर्ली रोडच्या विमा रुग्णालयासमोरून रोज जाणारी मोलकरीण, फेरीवाला, नाक्यावरचा गवंडी हे त्या छत्राबाहेर राहिले. २०१७ साली पगाराची मर्यादा एकवीस हजार झाली, तरी ज्याच्या हाती पगाराची चिठ्ठीच नाही त्याला तिचे काय?

आपल्या देशातली हृदयरोगाची एक जुनी आणि फार मोठी मोजणी मुंबईतूनच झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कांदिवली ज्या रेल्वेमार्गावर वाढली त्या पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या पाच वर्षांतील देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. अठरा ते पंचावन्न वयाचे अकरा लाखांहून अधिक कर्मचारी. १९६७ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू उत्तरेतल्यापेक्षा सातपट अधिक होते. गंमत अशी की स्निग्ध पदार्थ कितीतरी पटींनी अधिक खात होते ते उत्तरेतले! तूप खाणारा मरतो या समजुतीला हा एका भारतीय डॉक्टरने दिलेला धक्का होता. मल्होत्रांनी त्याचे उत्तर आहाराच्या प्रकारात, दूध-दह्यात, चावून खाण्यात शोधले. त्यांचे उत्तर पुढे टिकले की नाही हा वेगळा वाद. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, रेल्वेसारख्या एकाच मालकाच्या नोकरीत, एकाच नोंदवहीत साहेबापासून खलाशापर्यंत सगळे होते म्हणून ही मोजणी शक्य झाली. जो कोणाच्याच नोंदवहीत नाही त्याचा मृत्यू कोणत्या आजाराने झाला हे कोण सांगणार?

यानंतरची मोठी मोजणी १९९१ साली सुरू झाली. डॉ. प्रकाश गुप्ता त्या वेळी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. तंबाखूमुळे मुंबईत किती माणसे मरतात हे शोधण्यासाठी त्यांनी शहरातल्या पस्तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची घरोघर जाऊन नोंद घ्यायला प्रारंभ केला. १९९७ पर्यंत १,४८,१७३ माणसे नोंदली गेली. सर्वेक्षक हातात मावणारा छोटा संगणक घेऊन दारोदार फिरत. त्या काळी ही नवलाईच होती. वजन, उंची मोजत, तंबाखू कोणती आणि किती हे विचारत. पुढे काही वर्षांनी पुन्हा त्याच दारांवर जाऊन कोण हयात आहे, कोण वारले, कशाने वारले हे तपासले गेले. मुंबईच्या सामान्य माणसाविषयी एवढी खरी माहिती दुसऱ्या कोणी गोळा केली असेल असे मला वाटत नाही.

या अभ्यासाच्या पहिल्या एक लाखाच्या नोंदीत पुरुषांपैकी ६९ टक्के आणि स्त्रियांपैकी ५७ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. स्त्रियांची तंबाखू म्हणजे मुख्यतः मशेरी. ज्यांच्या घरी पहाटे तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास दरवळत असे त्यांना या आकड्याचे आश्चर्य वाटणार नाही. आमच्या आयांना भूक मारायला आणि कामाला लागायला तेवढे एकच साधन होते. शिक्षण जसे कमी तशी तंबाखू अधिक, हेही त्या नोंदीत स्पष्ट झाले. मृत्यूंचा हिशेब लागला तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य असते, गरिबाचा निरुपद्रवी शौक असतो, असे मानले जाई. प्रत्यक्षात तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांतील मृत्यूचे प्रमाण १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट निघाले. विडी वळणाऱ्या हातांची आणि ओढणाऱ्या छातीची जात आपण सगळे ओळखतो.

पुढे २०११ साली याच नोंदींवरून शिक्षण आणि मृत्यू यांचा संबंध तपासला गेला. तेरा हजारांवर मृत्यूंची कारणे त्यासाठी लावली गेली. निरक्षरांत एकूण मृत्यूंचे प्रमाण सर्वांत अधिक होते, आणि या सबंध समूहात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण होते हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार. संसर्गजन्य रोग त्यांच्या मागे राहिले. म्हणजे झोपडीतल्या बापाला फक्त खोकलाच होतो ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. त्याला खोकलाही होतो आणि झटकाही येतो. वजनाचा हिशेबही असाच उलटा निघाला. लठ्ठपणाचा बाऊ आपण रोज ऐकतो, परंतु या अभ्यासात सर्वाधिक मृत्यू झाले ते अतिकृश माणसांचे.

पण या मोजणीतला जो तपशील मला सर्वांत बोलका वाटतो तो निष्कर्षांत नाही, पद्धतीत आहे. माणसे निवडायला मतदारयाद्या घेतल्या होत्या. त्यांतून उच्च आणि उच्चमध्यमवर्गीय इमारतींची मतदानक्षेत्रे वगळावी लागली. का? तर तेथे पहारा असे आणि सर्वेक्षकाला आत प्रवेश मिळणे कठीण होते. संशोधकांनी हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले आहे आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण याचा अर्थ काय होतो? ज्या समाजाचे दार बंद असते त्याचे शरीर त्याचे स्वतःचे राहते. ज्याचे दार दिवसभर उघडे असते, ज्याला ‘आत या’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसते, त्याचे शरीर शास्त्राला उपलब्ध होते. मात्र त्याच यादीच्या दुसऱ्या टोकाला फुटपाथवरचा माणूस आहे. त्याचे नाव मतदारयादीतच नाही, तेव्हा तोही गळतो. १९८१ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांना हुसकावले गेले आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले, तरी हुसकावणे थांबवले नाही. पत्ता नसलेला माणूस पाच वर्षांनी पुन्हा कोठे शोधणार? दामू नगरला ७ डिसेंबर २०१५ रोजी आग लागून शेकडो झोपड्या भस्मसात झाल्या. अशा ठिकाणी दहा वर्षे माणसाचा माग ठेवणारे संशोधन कसे करायचे, हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे. शिवाय ती मोजणी मूळ शहराची होती, उपनगरांची नव्हे. गिरण्या बंद पडल्यावर शहरातून ढकलला गेलेला माणूस ज्या कांदिवली-मालाड-गोवंडीत आला, तेथे ती पोहोचली नाही.

२०२१ साली महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने जवळजवळ सहा हजार मुंबईकर प्रौढांची पाहणी केली. तिच्यात शंभरांतल्या सुमारे चौतीस जणांचा रक्तदाब वाढलेला आणि अठरांच्या आसपास लोकांची साखर वाढलेली आढळली. मीठ आवश्यकतेहून फार अधिक, फळे-भाजी फार कमी. मग उपदेश आला : मीठ कमी करा, फळे खा, चाला. उपदेश खोटा नाही. पण बारा तास पहाऱ्यावर उभ्या असलेल्या, वडापाववर दिवस काढणाऱ्या आणि रात्री पत्र्याच्या खोलीत पंख्याविना जागणाऱ्या माणसाला ‘चाला’ म्हणून सांगताना सांगणाऱ्याला हसू कसे येत नाही, हे मला कोडे आहे. जोखीम हा शब्द येथे नकळत दोषारोप होऊन बसतो. जणू रोग त्यानेच बोलावून घेतला.

याच्या जोडीला दुसरे एक उत्तर असते आणि ते अधिक धोक्याचे आहे. ते रक्ताचे उत्तर. भारतीयांना झटका लवकर येतो हे खरे आहे. बावन्न देशांतील एका मोठ्या अभ्यासातून असे दिसले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना एकोणसाठाव्या. मग कारण शोधले जाते वंशात. रक्तात, बीजात काहीतरी खोट आहे म्हणायचे. ही भाषा आपल्या कानांना परिचित आहे. अमेरिकेत काळ्यांच्या रक्तदाबाविषयी असेच म्हटले गेले : गुलामांच्या जहाजांत मीठ धरून ठेवणारीच शरीरे जगली, म्हणून त्यांच्या वंशजांचा दाब वाढतो. रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली याचे उत्तर दिले. एकाच पश्चिम आफ्रिकी मुळाच्या लोकांत वाढलेल्या रक्तदाबाचे प्रमाण आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि अमेरिकेत ३३ टक्के निघाले. मूळ एक आणि दाब वेगळा. मग वेगळे झाले ते काय?

शरीराला इतिहास असतो, पण तो वंशाचा असण्यापेक्षा भुकेचा असतो. इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली हर्टफर्डशायरच्या सुईणींच्या जुन्या नोंदवह्यांवरून दाखवून दिले की जन्मताना आणि पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते, ते पुढे हृदयविकाराने अधिक मेले. युद्धकाळात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. ती मुले आईच्या पोटात अगदी सुरुवातीच्या महिन्यांत असताना ज्यांनी भूक भोगली, त्यांच्यात पन्नाशीला हृदयविकार अधिक आढळला. आणि आपल्या पुण्यात के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांची आणि त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. ती बाळे इंग्लंडमधल्या बाळांहून सुमारे आठशे ग्रॅमनी हलकी, हडकुळी, तरीही अंगात चरबी राखून ठेवणारी निघाली. अशा शरीराला पुढे मधुमेह लवकर जडतो. याच अभ्यासात असेही दिसून आले की गरोदरपणात शेतावर, पाण्यासाठी, सरपणासाठी राबणाऱ्या आईचे बाळ आणखी हलके असते.

हे वाचताना मला १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. मी तो पाहिलेला नाही, घरात ऐकलेला आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत गरोदर बाया खडी फोडत होत्या. त्या वर्षी त्यांच्या पोटात असलेली पिढी आज पन्नाशीपार आहे. त्या दुष्काळाने मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून जी कुटुंबे मुंबईच्या कडेला आणून टाकली त्यांची मुले आज शताब्दीच्या रांगेत उभी आहेत. डॉक्टर त्यांना विचारतो, तंबाखू खाता का, मीठ किती खाता, वडिलांना रक्तदाब होता का. आई खडी फोडत होती का, हे कोणी विचारत नाही.

भूक संपली, नोकरी लागली, मग तरी बरोबरी होते काय? या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून आले आहे. व्हाइटहॉलमधील सतरा हजारांवर पुरुष नोकरांचा अभ्यास १९६७ पासून झाला. १९७८ साली मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. सगळ्यांना पगार, सगळ्यांना सरकारी औषधोपचार, उपाशी कोणीच नाही. तरीही सर्वांत खालच्या पायरीवरच्या शिपायांत हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठ प्रशासकांच्या तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळे हिशेबात धरूनही निम्म्याहून अधिक फरक उरलाच. पुढच्या संशोधनात मार्मट यांनी कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे, वर मान करून बोलता न येणे, याकडे बोट दाखवले. गोऱ्या शिपायाची जर ही गत, तर ज्याच्या शिपाईगिरीला किंवा झाडूला पिढ्यांची जात चिकटलेली आहे त्याचे काय होत असेल? मुंबईच्या कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे कोर्टात झुंज दिली, तेव्हा कोठे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० जणांना कायम करण्याचा निर्णय टिकला. तोवर एका रस्त्यावर, एकच झाडू मारणाऱ्या दोघांपैकी एकाला औषधोपचार आणि रजा, दुसऱ्याला खाडा. रक्तदाबाच्या कोणत्याही कोष्टकात कायम आणि कंत्राटी असा रकाना मी पाहिलेला नाही.

आता शेवटचा आणि माझ्या मते निर्णायक पुरावा. तो उपचारांचा आहे. पन्नास भारतीय शहरांतल्या एकोणनव्वद रुग्णालयांत झटका घेऊन आलेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. तीस दिवसांत मरण पावलेल्यांचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के आणि गरिबांत ८.२ टक्के होते. संशोधकांनी मग दोन हिशेब केले. जोखमीचे घटक सारखे धरले, तरी फरक राहिला. मिळालेले उपचार सारखे धरले, तेव्हा फरक नाहीसा झाला. म्हणजे गरीब माणूस मेला तो त्याच्या हृदयाच्या वेगळेपणामुळे नव्हे, औषध आणि शस्त्रक्रिया वाट्याला न आल्यामुळे. २०१४ साली सतरा देशांतील दीड लाखांवर लोकांच्या अभ्यासाने हेच जगाच्या पातळीवर दाखवले. जोखमीचे गुण श्रीमंत देशांत सर्वांत जास्त, मृत्यू गरीब देशांत सर्वांत जास्त. ज्याची जोखीम कमी तो अधिक मरतो, हे कोष्टक फ्रेमिंगहॅममध्ये बसत नाही. ते कांदिवलीच्या फलाटावर बसते. महापालिकेची जुनी मोठी रुग्णालये परळला, मुंबई सेंट्रलला, शीवला. उपनगरातल्या त्यातल्या त्यात जवळचे कूपर, तेही जुहूला. छातीत कळ आल्यावरचा पहिला तास किती मोलाचा, हे सगळे सांगतात, आणि तो तास पश्चिम द्रुतगती मार्गावर जातो.

एवढ्या सगळ्या मोजण्यांत जात कोठे आहे? मुंबईच्या दीड लाखांच्या अभ्यासातून प्रसिद्ध झालेल्या निबंधांत शिक्षण, धर्म, मातृभाषा येतात. जात येत नाही. जातीचे परिणाम पाहू गेलेल्यांना काय दिसते? संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ साली नऊ राज्यांतल्या सरकारी आरोग्य पाहणीवरून आयुर्मान काढले. सवर्ण हिंदूंच्या मानाने दलितांचे आयुष्य तीन वर्षांहून अधिक, तर आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी निघाले. आर्थिक स्थिती हिशेबात धरली तरी निम्म्याहून अधिक तफावत शिल्लक राहिली. गरिबी हटली की जात आपोआप हटेल म्हणणाऱ्या आमच्या डाव्या मित्रांनी हा आकडा जरूर पाहावा. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. २०२५ साली केंद्राने येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे जाहीर केले, परंतु जनगणनेची प्रगणक बाई रक्तदाब मोजत नाही आणि रक्तदाब मोजणारी परिचारिका जात विचारत नाही.

जात विचारणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. ठाकूर व्हिलेजमध्ये भाड्याने राहणारा आपला पदवीधर मुलगा आडनाव सांगताना अडखळतो. कारण घर मिळताना त्याला त्या आडनावाची किंमत मोजावी लागलेली असते. अनोळखी माणसाने कागद पुढे करून जात विचारली तर तो खोटे सांगेल किंवा दार लावून घेईल, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. म्हणून प्रश्न कोण विचारतो याला महत्त्व आहे. दुपारी येणाऱ्या सर्वेक्षकाला वस्तीतली कामकरी माणसे घरी सापडत नाहीत. रात्री नऊनंतर किंवा रविवारी बुद्धविहारात सापडतात. वस्तीतलीच, महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली हे काम करू शकतील. यंत्र हजार-दोन हजार रुपयांना मिळते आणि ते दंडाला बांधायला अर्ध्या तासात शिकता येते. रक्तदाबाच्या आकड्याशेजारी त्यांनी आणखी पाच गोष्टी लिहाव्यात : जात, जन्मसाल आणि जन्मगाव, आई त्या वर्षी कोणत्या कामावर होती, नोकरी कायम की कंत्राटी, आणि मागच्या वेळी छातीत किंवा डोक्यात दुखले तेव्हा कोणत्या रुग्णालयात, किती वेळाने पोहोचला. ज्याचा दाब वाढलेला निघेल त्याला त्याच आठवड्यात शताब्दीच्या खिडकीपर्यंत नेऊन कागद काढून द्यावा. नाहीतर आपणही टस्कीगीच्याच वाटेने गेलो असे होईल. मग दरवर्षी त्याच दारावर परत जावे. आज बारावीला असलेली मुलगी दहा वर्षांनी अठ्ठावीसची असेल, आणि कोण राहिले, कोण गेले आणि कशाने, हे सांगणारी पहिली वही तिच्या हातात असेल.